गोष्टीतला दयाळू मास्तर

बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यांची कॉट मी हलवलेली नाही. शनिवारी शाळेतून आणलेल्या वह्या तिच्यावर ठेवते, कारण घरात तेवढी सपाट जागा दुसरी नाही, आणि रविवारी तिथेच बसून तपासते. वह्यांमधलं इंग्रजी बरं असतं. आमच्या मुलांचं इंग्रजी वह्यांमध्येच असतं.

मी भिलाईतल्या एका खासगी इंग्रजी शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. मुलांच्या घरी हिंदी, नाही तर छत्तीसगढी. काहींकडे तेलुगू किंवा ओडिया. दोन-चार घरांत आमच्यासारखी नागपूरकडची मराठी. इंग्रजी घरी कुणाच्याच नाही. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं मुलं पाठ करून बिनचूक लिहितात, पण काल संध्याकाळी काय केलंस एवढं इंग्रजीत विचारलं की उठून ताठ उभी राहतात आणि नुसती भिंतीकडे बघतात. एक मुलगा असाच बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅम, आय ॲम ॲबसेंट." वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "खरंच बोलला पोट्टा. सायबाच्या केबिनमंदी गेलो का मीबी ॲबसेंटच राहो."

शाळेनं आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. शिकवायला आलेल्या बाईंचं म्हणणं साधं होतं. व्याकरणानं तोंड उघडत नाही, गोष्टीनं उघडतं. शिक्षकानं पुस्तक बाजूला ठेवून गोष्ट सांगायची, हातवारे करत, आवाज बदलत. मग तीच गोष्ट मुलांनी आपल्या शब्दांत परत सांगायची. आधी एकानं, मग दुसऱ्यानं, मग दोघादोघांनी एकमेकांना. बोलताना अडवायचं नाही, चूक सुधारायची नाही. गोष्ट मध्येच निसटू नये म्हणून हाताची पाच बोटं. अंगठा म्हणजे गोष्ट कोणाची. दुसरं बोट, त्याला काय हवं होतं. मधलं, काय आडवं आलं. चौथं, मदत कोणी केली. करंगळी, शेवटी काय झालं.

मला हे पटलं होतं. अडचण ही आहे की अजूनही पटतं. शनिवारचा शेवटचा तास मी गोष्टीला दिला आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो 'ॲबसेंट' मुलगा हरवलेल्या बकरीची गोष्ट बारा वाक्यांत सांगू लागला होता, मध्ये मध्ये 'फिर' घालत, पण न थांबता. मुलं गोष्ट सांगताना स्वतःच्या हाताकडे बघायची, बोटं मोजायची, आणि बोलून झालं की त्यांचे चेहरे असे व्हायचे की जणू नदीच्या पलीकडे पोचली. चौदा वर्षं शिकवून जे झालं नव्हतं ते चार महिन्यांत झालं.

घरी आम्ही दोघंच. आई आधीच गेली होती, मी लग्न केलं नाही. बाबांनी स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर सेक्टरातलं कंपनीचं राहतं क्वार्टरच लीजवर घेतलं. छातीत दम राहिलेला नव्हता, पण वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि शनिवारी मी आले की पाणी द्यायच्या आधी विचारत, "का मॅडम, आज कोनती गोष्ट झाली?" ते मला चिडवायला मॅडम म्हणत.

माझ्याकडच्या गोष्टी लवकर संपल्या. पुस्तकातल्या मुलांनी मोबाइलवर पाहिलेल्या असत. प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या होत्या, आपल्या घरातल्या गोष्टी सांगा. म्हणून एका सकाळी चहा घेताना मी बाबांना म्हटलं, "तुम्ही भिलाईला कसे आलात ती गोष्ट द्या ना मला वर्गासाठी."

"रेलगाडीनं आलो. झाली गोष्ट."

"तेवढ्यानं माझा तास कसा जाईल?"

"मंग गाडी लेट करून टाक."

विषय तिथं संपला असं मला वाटलं. तीन दिवसांनी, मी तांदूळ निवडत असताना, ते समोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि काही न विचारता सांगायला लागले.

प्लांटमध्ये भरती चालू होती. वस्तीतला एक माणूस आधीच इथं लागला होता. त्याचं पत्र आलं की आठ दिवसांच्या आत ये, सातवी पासचा दाखला घेऊन ये. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. दाखला गावच्या शाळेतून घ्यायचा होता. मास्तर गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या नात्यातला. त्यानं बाबांना चार दिवस शाळेच्या ओट्याखाली बसवून ठेवलं. आज शाई नाही, उद्या शिक्का नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी, सगळे वावरात गेलेले असताना, तो बाहेर आला आणि म्हणाला, मालगुजाराच्या गोठ्यात कालपासून वासरू मरून पडलं आहे, ते ओढून गावाबाहेर टाकून ये आणि दाखला घेऊन जा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. गावानं त्यासाठी विहीर बंद केली, मजुरी बंद केली. तरी कोणी मागे फिरलं नाही. सगळ्यांकडून ती शपथ घेतली होती माझ्या आजोबांनी, बाबांच्या वडिलांनी. आमच्या नातेवाइकांत, लग्नात, जयंतीला, आजोबांची शपथ कोणी ना कोणी सांगतोच, आणि लहानपणापासून मी पाहत आले होते की तो विषय निघाला की बाबा पाणी प्यायला उठत.

"मी ओढलं," बाबा म्हणाले. "लहान होतं वासरू. एकट्यानं ओढनं झालं. मोठं असतं तं झालंच नसतं, गावातच राहिलो असतो मी."

मी तांदळातून हात काढला.

"दाखला देल्ला त्यानं. म्हने, कोनाले सांगत नाई. संध्याकाळपर्यंत माह्या बापाले मालूम होतं. बाप काई बोलला नाई. टेसनावर आला नाई. इथून धोतर पाठवलं तं नेसला नाई. मरेपर्यंत माह्याशी बोलला नाई."

"आईला माहीत होतं?"

"नाई. बापाबिगर आपल्या लोकाईत कोनालेच नाई. त्यायच्यासमोर हे तोंडातून निंगत नाई. तू पोट्ट्याइले सांग. इंग्रजीत सांग."

"इंग्रजीत कशाला, बाबा?"

"तिथं आपलं कोनी नाई." मग दम घेऊन म्हणाले, "एक डाव कोनी तरी मोठ्यानं बोललं पायजे. बस. बाकी मले काई नाई पायजे."

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात फार थोडं मागितलं. हे मागितलं.

त्या संध्याकाळी मी गोष्ट लिहायला बसले. अंगठा, दुसरं, मधलं, तिन्ही बोटं लगेच भरली. चौथ्यापाशी थांबले. मदत कोणी केली? कोणीच केली नव्हती. मुलं त्या बोटापाशी येऊन अडकणार, हे मला दिसत होतं, कारण मीच त्यांना तशी सवय लावली होती.

मला कोणी बदल करायला सांगितलं नव्हतं, हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. प्रिन्सिपल मॅडमनी माझी कुठलीही गोष्ट कधी आधी पाहिली नाही. स्वतःला मी जी कारणं दिली ती अशी: मुलं अकरा वर्षांची आहेत, मेलेल्या वासराचं ऐकून घाबरतील, पालक शाळेच्या ग्रुपवर काहीबाही लिहितील. ही कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या आडनावावरून इकडच्या लोकांना काही कळत नाही. स्टाफरूममध्ये चौदा वर्षं मी सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं आणि सगळ्यांनी माझ्या. हा मुलगा माझे बाबा, हे मुलांना सांगायचं मी आधीच ठरवलं होतं, कारण त्यामुळे गोष्टीत रंग भरतो असं बाईंनी शिकवलं होतं. वासरू गोष्टीत आलं असतं तर सोमवारी डबा उघडताना कोण कुठं बसतं ते मला बघावं लागलं असतं.

म्हणून मी वासरू काढलं. आणि चौथ्या बोटासाठी जो माणूस हाताशी होता तोच घेतला. वन्स देअर वॉज अ बॉय. ही वॉन्टेड टू वर्क इन अ बिग प्लांट. बट ही हॅड नो सर्टिफिकेट. देन अ काइंड टीचर हेल्प्ड हिम. ही केम टू भिलाई अँड ही वॉज व्हेरी हॅपी. मी स्वतः मास्तरीण आहे. मास्तर दयाळू करताना माझा हात अडखळला नाही.

गोष्ट मुलांना फार आवडली. प्लांटचा भोंगा, आगगाडी, लाल लोखंड, या सगळ्यांचे आवाज त्यांनी काढले. प्रत्येकाच्या घरचं कोणी ना कोणी कधी तरी असंच कुठून तरी आलेलं होतं.

शनिवारी बाबा दारातच होते.

"सांगतली?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"का म्हने पोट्टे?"

"काही नाही म्हणाले. गप्प बसले होते."

"हाव," ते म्हणाले. "गप्पच बसंल कोनीबी."

त्या दिवशी त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. बऱ्याच महिन्यांत तसं झालं नव्हतं. मग पुढच्या शनिवारी त्यांनी परत विचारलं, आणि मी थोडं वाढवून सांगितलं. एक मुलगी रडली, म्हटलं. "कोनाची लेक?" चरोद्याहून येते, रेल्वेतल्या गार्डची. "आपली हाय का?" नाही, म्हटलं. त्यावर ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आपली नसलेली एक मुलगी त्यांच्यासाठी रडली होती, आणि मुलगी खरी असली तरी ते रडणं मी बसल्या जागी तयार केलं होतं.

शाळेचं वार्षिक संमेलन आलं तेव्हा मुलांनीच ठरवलं की मंचावर इंग्रजीतून हीच गोष्ट सांगायची, आणि सांगायला निवडली चरोद्याची तीच मुलगी, कारण ती सगळ्यांत चांगलं बोलायची. बाबांपासून हे लपवायचा मी विचार केला होता. पण एकदा मी डबा विसरले, तो घेऊन ते शाळेच्या फाटकाशी आले, आणि मुलगी धावत जाऊन त्यांना म्हणाली, "दादाजी, मैं आपकी कहानी सुनाऊँगी! सबके सामने!"

मी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. गर्दी असते, म्हटलं, लाउडस्पीकर असतो, तुम्हाला दम लागतो.

"मी मांगं बसतो," ते म्हणाले. "हलकट पोरगी तू. माही गोष्ट अन् मीच नाई?"

पांढरा शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला. माझ्या हातून करून घेतला नाही.

मुलगी सुरेख बोलली. ती मंचावर आली, हात वर केला, अंगठा धरला आणि सुरुवात केली. मी पडद्याच्या बाजूला उभी होते, तिथून मागच्या रांगेतले बाबा दिसत होते. सर्टिफिकेट हा शब्द आला तेव्हा ते पुढे सरकून बसले. मग चौथं बोट आलं, आणि तिनं आपल्या मनानं एक वाक्य जास्त घातलं: द काइंड टीचर सेड, गो माय सन, गॉड ब्लेस यू. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. सगळ्यांचं थांबल्यावर त्यांचं थांबलं.

परत आम्ही ऑटोनं निघालो. बाबा म्हणाले, "मास्तर काइंड होता?"

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द येत होता. अख्खी नोकरी त्यांनी रजेचे अर्ज लिहिले होते, आणि प्रत्येक अर्जात साहेबाला काइंडली लिहावं लागे.

"लहान मुलं आहेत, बाबा."

"मीबी काई लय मोठा नोतो." मग, "वासरू कुठं गेलं?"

"नाही घेतलं."

"पयल्यापासून?"

"हो."

"अन् ते पोरगी रडली होती, ते?"

ऑटोवाल्यानं गाणं लावलं होतं, ते मोठं करावंसं मला वाटलं.

"बरं," बाबा म्हणाले. "पन छान बोलली पोट्टी. एक डावबी अटकली नाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. घरी येऊन शर्ट काढून खुंटीला लावला, पाणी प्याले, बातम्या लावायला सांगितल्या. पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांनी काही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मीच एकदा म्हटलं, "बाबा, या आठवड्यात सगळी सांगते. जशी आहे तशी."

"राहू दे, मॅडम," ते म्हणाले, आणि या वेळी ते मला चिडवत नव्हते.

मी राहू दिलं. त्यांनी म्हटलं म्हणून नव्हे. स्टाफरूम तीच होती, आणि त्यांनी मला मोकळीक दिली होती ती मी उचलली. परीक्षा होत्या, पेपर होते. कारणं भरपूर होती. थंडीत त्यांची छाती भरली. इस्पितळात तोंडावर मास्क होता, चार दिवस ते बोलू शकले नाहीत, आणि मीही त्यांच्याजवळ बसून फक्त ऑक्सिजनचे आकडे वाचत राहिले.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, मग एकेक जण उठून गेलेल्याबद्दल बोलतो. विहारातल्या हॉलमध्ये बाबांचे प्लांटमधले जोडीदार बोलले, शेजारचे बोलले. गावाकडून आलेले चुलते उठले आणि त्यांनी आजोबांची शपथ सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, विहीर बंद झाली तिथपासून. "त्या बापाचा हा लेक," ते म्हणाले. "मान नाई झुकवली कधी. बापाचं नाव राखलं." लोकांनी माना डोलावल्या. आता पाणी प्यायला उठणारं कोणी नव्हतं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले. बाबा वेळेचे पक्के होते, म्हटलं. वाचनाची आवड होती, म्हटलं. या लोकांत हे सांगायचं नाही, ही त्यांची अट मला आठवत होती आणि त्या अटीमागे लपता येत होतं. आज मी हे मराठीत लिहिते आहे, म्हणजे त्यांनी जे मागितलं ते त्यांच्या हयातीत दिलं नाही आणि जे नको म्हणाले तेच करते आहे.

गेल्या महिन्यात, नव्या सहावीला, मी ती गोष्ट खरी सांगितली. आठ दिवस तयारी केली. शब्द मिळत नव्हते. शपथेला शब्द होता, पण ती घेतल्यावर विहीर बंद होते हे त्या शब्दात नव्हतं. ओढण्याला 'पुल' होता, जो दुकानांच्या काचेच्या दारांवर लिहिलेला असतो. तरी सांगितली. ओटा, चार दिवस, गोठा, दोर, वासरू. मुलाचे वडील स्टेशनवर आले नाहीत. हा मुलगा माझे वडील, असं म्हटलं, आणि असं का करायला लावलं तेही, जातीचं नाव घेऊन.

मुलं खरंच गप्प बसली.

मग पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅम, हेल्प किसने किया?"

"नोबडी," मी म्हटलं.

"किसी ने भी नहीं?"

"किसी ने भी नहीं."

मग मी त्यांना परत सांगायला उभं केलं. पहिला मुलगा वासरापर्यंत आला आणि खाली बसला. दुसऱ्यानं वासरू पार केलं, दाखला मिळवला, आणि वडिलांपाशी आवाज बारीक करून संपवलं. तिसरी एक मुलगी उठली. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर करायची. ती हळूहळू बोलू लागली, एकेक वाक्य पायरी उतरल्यासारखं, ओटा सांगितला, दोर सांगितला, वासरू सांगितलं, कुठंही हिंदी घातली नाही. शेवटी आली आणि थांबली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

"देन द मास्टर सेड सॉरी," ती म्हणाली. "टू द बॉय अँड टू हिज फादर."

वर्गानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी तिला तिथंच अडवायला हवं होतं. नाही, तो कधीच म्हणाला नाही, कोणीच म्हणालं नाही, एवढं सांगायला हवं होतं. पण बोलताना अडवायचं नाही ही सवय झाली आहे, आणि ती मुलगी पहिल्यांदा बोलली होती. माझ्या तोंडून "व्हेरी गुड" गेलं. तिच्यामागची मुलगी उठली. तिच्याही गोष्टीत मास्तर सॉरी म्हणाला, आणि मग घंटा होईपर्यंत जो जो उभा राहिला त्याच्या गोष्टीत म्हणत राहिला.